वस्ती, तांडा, हॉस्टेल: वंचित समाजांसोबत काम करणारा काउन्सेलर कसं व्हायचं

सायकॉलॉजीत बीए करणारी पोरंपोरी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात, की सर आम्हाला आमच्या लोकांसाठी काउन्सेलिंग करायचंय, म्हणजे कुणाला दलित-आदिवासी मुलांसाठी, कुणाला भटक्या-विमुक्तांसाठी, कुणाला मुस्लिम वस्तीत, कुणाला एलजीबीटी लोकांसोबत, तर कुठला कोर्स करू? कोर्सचं सांगतोच. पण आधी कामाचं बोलू, कारण कोर्स चुकला तर दुसरा करता येतो, कामाचीच कल्पना चुकीची असेल तर पाच वर्षं एका खोलीत बसून लोकांना ‘पॉझिटिव्ह विचार करा’ सांगत राहाल आणि समोरचा मान डोलावून जाईल, परत येणार नाही.

आधी काम काय आहे ते बघा

समजा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा मुलगा आलाय. आश्रमशाळेत शिकलेला, घरात पहिलाच कॉलेजला गेलेला. म्हणतो झोप लागत नाही, वर्गात छाती धडधडते, सगळे माझ्याकडे बघतात असं वाटतं. पुस्तकात शिकवलेलं असतं की हा विचार चुकीचा आहे का ते क्लायंटसोबत तपासा. तपासा की! पण तपासल्यावर कळतं की हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात त्याला चारजणांनी ‘रँक किती होती रे’ विचारलं, आणि तो प्रश्न रँकसाठी नव्हताच, कोट्यातला आहे का ते काढायला होता. मग त्याचा विचार चुकीचा कुठे आहे? त्याला बरोबरच कळलंय. इथे श्वासाचे व्यायाम शिकवून घरी पाठवलं तर तुम्ही त्याला एवढंच सांगितलंत की प्रॉब्लेम तुझ्यात आहे.

दुसरं टोक पण तितकंच वाईट. काउन्सेलर पेटून उठतो, मुलाला न विचारता प्राचार्यांना भेटतो, तक्रार टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण हॉस्टेलला माहिती की कोण काउन्सेलरकडे गेलं होतं. मुलगा आता दोन्हीकडून अडकला.

तर या कामाचं सगळं कसब या दोन टोकांच्या मधे आहे. त्रासाचं कारण बाहेर असेल तर बाहेर पण काम करायचं, पण क्लायंटच्या वेगाने, त्याच्या परवानगीने. हे जमायला वर्षं जातात, कोर्सने फक्त सुरुवात होते.

आणि हे काही हौसेचं काम नाही. १७ जानेवारी २०१६ला हैदराबाद विद्यापीठात पीएचडी करणारा रोहित वेमुला, २२ मे २०१९ला मुंबईत पोस्ट ग्रॅज्युएशन करणारी डॉ. पायल तडवी, १२ फेब्रुवारी २०२३ला पवईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाचा दर्शन सोळंकी, तिघांनी आत्महत्या केली. प्रत्येक वेळी चर्चा ‘मुलं खचतात का’ यावर झाली, त्यांच्या आजूबाजूला काय चाललं होतं यावर कमी.

शिक्षण आणि रजिस्ट्रेशन

साधा रस्ता म्हणजे बीए किंवा बीएस्सी सायकॉलॉजी, मग काउन्सेलिंग किंवा क्लिनिकलमध्ये एमए. टिसच्या (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मुंबई कॅम्पसला अप्लाइड सायकॉलॉजीचं एमए आहे, त्याला सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुंबई विद्यापीठ, पुणे विद्यापीठ, एसएनडीटी इथेही एमए आहेच. नोकरी सांभाळून करायचं असेल तर इग्नूचं सायकॉलॉजी एमए आहे, स्वस्त पडतं, पण त्यात प्रत्यक्ष लोकांसोबत बसायची सवय तुम्हाला स्वतः धडपडून मिळवावी लागते, ती पोस्टाने येत नाही.

दुसरा रस्ता एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं मास्टर्स. पुण्याचं कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईचं निर्मला निकेतन, टिस. खरं सांगू का, वस्तीत काम करायचं असेल तर मला एमएसडब्ल्यूवाली मुलं जास्त तयार वाटतात. त्यांना तहसील कार्यालयात कुठल्या टेबलावर जायचं ते माहिती असतं. सायकॉलॉजीवाल्यांना डिप्रेशनचे नऊ निकष पाठ असतात पण रेशनकार्ड बंद झाल्यावर बाईची झोप का उडते ते कळायला वेळ लागतो.

आता पाटीचं. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ असं लिहायचं तर आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी पाहिजेच, म्हणजे त्यांची मान्यता असलेला कोर्स पाहिजे. आधी त्यासाठी दोन वर्षांचं एमफिल असायचं, २०२०च्या शैक्षणिक धोरणाने एमफिलच मोडीत काढलं, क्लिनिकलला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ होती, त्यामुळे अ‍ॅडमिशन घेण्याआधी आरसीआयच्या साइटवर कॉलेजचं आणि कोर्सचं नाव स्वतः शोधा, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. बाकीचे सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर २०२१च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याखाली येतात, एचआयव्ही काउन्सेलर, फॅमिली प्लॅनिंग काउन्सेलरसुद्धा त्या यादीत आहेत. राज्याच्या कौन्सिलच्या बातम्यांवर लक्ष ठेवा.

काउन्सेलरला काय करता येत नाही ते पण स्वच्छ माहिती पाहिजे: औषध देता येत नाही, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात जी ‘मेंटल हेल्थ प्रोफेशनल’ची व्याख्या आहे त्यात नुसता काउन्सेलर बसत नाही. त्यामुळे कोर्टात चालेल असं आजाराचं सर्टिफिकेट तुमच्याकडून मागितलं तर सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवायचं, भावनेच्या भरात लेटरहेडवर निदान लिहून द्यायचं नाही.

पैशाची अडचण असेल तर महाडीबीटीवरची पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप, आणि पुढे संशोधनाला बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था बघा. मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२मध्ये बंद केली, त्यामुळे मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध मुलांनी त्या आशेवर पीएचडीचं गणित मांडू नका.

डिग्रीत जे शिकवत नाहीत

मायनॉरिटी स्ट्रेस नावाची कल्पना आहे, इलान मायरने २००३मध्ये ती नीट मांडली, गे-लेस्बियन लोकांबद्दल. थोडक्यात, रोजचे ताण सगळ्यांनाच असतात, पण वंचित गटातल्या माणसाला त्याच्या वर आणखी एक थर असतो: प्रत्यक्ष भेदभाव, तो होईल याची सततची धास्ती, स्वतःची ओळख लपवायची कसरत, आणि लोक जे बोलतात ते स्वतःबद्दल खरं वाटायला लागणं. हे चार तुकडे जातीला लावून बघा. आडनाव लपवणारा, जयंतीचा फोटो स्टेटसला ठेवू का नको विचार करणारा मुलगा लगेच डोळ्यासमोर येईल.

एलजीबीटी लोकांसोबत काम करायचं असेल तर मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा क्वीअर अफर्मेटिव्ह (म्हणजे माणसाच्या लैंगिक ओळखीला आजार न मानता तिचा मान ठेवणाऱ्या) काउन्सेलिंगचा कोर्स आहे, तो करा. आणि एक पक्कं डोक्यात ठेवा, पालक ‘याला नीट करून द्या’ म्हणून मुलाला घेऊन आले तर त्याला नकार द्यायचा. मद्रास हायकोर्टातल्या प्रकरणानंतर २०२२ला नॅशनल मेडिकल कमिशनने कन्व्हर्जन थेरपीला, म्हणजे लैंगिक कल बदलायच्या असल्या ‘उपचारां’ना, डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय.

बहुजनांच्या मानसिक आरोग्यावर ‘द ब्लू डॉन’ या गटाने २०१८पासून काम केलंय. पुण्यात बापू ट्रस्टने वस्त्यांमध्ये ‘सेहर’ चालवलं, तिथे माणसाला आजार आहे का यापेक्षा त्याला आधार कुणाचा आहे हे आधी बघितलं जातं. साताऱ्याच्या परिवर्तन संस्थेकडचं मानसमित्रांचं, म्हणजे ट्रेनिंग दिलेल्या स्वयंसेवकांचं, काम बघा. यापैकी कुठेही काही महिने मिळाले तर सोडू नका.

आणि सुपरव्हिजन! अनुभवी माणसाला दर पंधरा दिवसांनी केसेस सांगायच्या (नावं काढून) आणि त्याने तुम्हाला टोकायचं. पैसे जात असतील तर जाऊ द्या. सुपरव्हायझर निवडताना सरळ विचारा की जातीवर, धर्मावर कधी सेशनमध्ये बोललायत का. जो म्हणेल ‘मी सगळ्यांना माणूस म्हणून बघतो, जातबित मानत नाही’ त्याच्याकडून बाकी सगळं शिका, हे काम मात्र दुसऱ्याकडून शिका.

पहिली नोकरी कुठे

खासगी क्लिनिक सुरुवातीला विसरा. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी जागा निघतात, किशोरवयीन आरोग्य क्लिनिकमधल्या, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या. एचआयव्ही तपासणी केंद्रात काउन्सेलर असतात. टिसने १९८४ला मुंबईत पोलीस स्टेशनमध्ये सुरू केलेला महिला आणि मुलांसाठीचा स्पेशल सेल आता राज्यभर आहे. पगार बेताचा, कंत्राट वर्षाचं, पण दिवसाला जेवढी माणसं भेटतात तेवढी खासगीत महिन्यात भेटत नाहीत.

कॉलेजमधल्या जागा आता वाढायला पाहिजेत. २५ जुलै २०२५ला सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा असं आहे, आणि एससी, एसटी, ओबीसी, एलजीबीटी, दिव्यांग अशा मुलांशी कसं वागायचं याचं स्टाफला ट्रेनिंग द्यावं असंही आहे. तर अर्ज करताना नुसता बायोडाटा पाठवू नका, सोबत एक पानाचा प्लॅन जोडा की हे ट्रेनिंग मी स्टाफला असं देईन. कॉलेजला तेही दाखवायचंच असतं.

पहिलं सेशन

इथे थोडं थांबून सांगतो कारण बहुतेक जण इथेच गमावतात.

खोली बघा आधी. भिंतीवर एकाच धर्माच्या देवाचा फोटो, टेबलावर अगरबत्ती, तुम्हाला सवयीचं असतं, बुरखा घालून आलेल्या बाईला तो पहिला निरोप असतो. फॉर्मवर जातीचा कॉलम ठेवू नका, सरकारी फॉर्म असेल आणि ठेवावाच लागत असेल तर तो शेवटी भरा आणि कशासाठी लागतो ते सांगा. आडनावावरून अंदाज बांधणं बंद. आडनाव ऐकून ‘गाव कुठलं?’ असा पुढचा प्रश्न आपोआप येतो ना तोंडात, तो गिळायचा, कारण समोरच्याने तो आयुष्यभर ऐकलाय आणि तो कशासाठी विचारतात ते त्याला माहितीये.

मग जातीचा विषय काढायचाच नाही का? काढायचा, पण दार उघडं ठेवून. मी साधारण असं बोलतो: ‘कॉलेजात, हॉस्टेलवर कधीकधी जात, धर्म, भाषा, गावाकडचं असणं यावरून लोक त्रास देतात. तुझ्या बाबतीत असं काही असेल तर इथे बोलू शकतोस. नसेल तरी काही हरकत नाही, आणि आज नको वाटलं तर नंतर कधी.’ आणि गप्प बसायचं. बहुतेक वेळा पहिल्या दिवशी उत्तर येतं ‘नाही सर, तसं काही नाही’. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, निघता निघता, दाराशी उभं राहून खरं बाहेर येतं.

डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात १६ प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखत दिलीय, नेटवर फुकट मिळते. ती जशीच्या तशी वाचू नका, बोलीत आणा. घरचे याला काय म्हणतात? कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? आईला वेगळं वाटतं का? याआधी कुणाकुणाला दाखवलं? ‘दाखवलं’मध्ये डॉक्टर पण आला, भगत पण, दर्गा पण. हसू नका, वकिली पण करू नका, ऐकून घ्या.

डिप्रेशन हा शब्द घेऊन फार कमी लोक येतात. डोकं जड झालंय, जीव लागत नाही, मुंग्या येतात, छातीत धडधड होते, बाहेरचं आहे काहीतरी, टेन्शन आहे. पीएचक्यू-९ या डिप्रेशन तपासायच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीचं मराठी भाषांतर वापरा, पण तांड्यावरच्या बंजारा आजीला गोरमाटीतच बोलू द्या, मेळघाटात कोरकू, खानदेशात अहिराणी किंवा पावरी. दुभाषा लागला तर नातेवाईक घेऊ नका. सुनेचं दुःख सासू भाषांतर करून सांगतेय यापेक्षा न बोललेलं बरं.

आणि नात्याची हाक लोक ठरवतात. कुणी तुम्हाला सर म्हणेल, कुणी दादा, मुस्लिम मोहल्ल्यात बाई काउन्सेलरला बाजी म्हणतील. आपण मात्र मोठ्या बाईला मावशी म्हणताना ‘अहो’ सोडायचं नाही. वस्तीतल्या माणसाला अरेतुरे करणाऱ्या ऑफिसर लोकांची तिथे आधीच कमी नाही.

जिवाचं बोलणं निघालं तर

सरळ विचारा. ‘मरावंसं वाटतं का? काही ठरवलंय का, कसं, कधी?’ विचारल्याने डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट मोकळं वाटतं. साधन जवळ आहे का बघा. शेतकरी घरात फवारणीचं औषध, हॉस्टेलवर गोळ्या. ते घरातल्या विश्वासातल्या माणसाकडे द्यायला लावा. त्या दिवशी एकटं सोडायचं नाही, आणि कुणाकुणाला फोन करायचा त्यांची नावं क्लायंटच्याच हाताने लिहून घ्यायची. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. टिसची आयकॉल हेल्पलाइन पण आहे.

पोलीस केस होईल या भीतीने लोक दवाखान्यात नेत नाहीत. त्यांना सांगा की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलंच नाही, सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरलाय. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं ते वेगळं, ती नोंद असते.

खोलीबाहेरचं काम

पहिलं, क्लायंटसमोर पर्याय ठेवा, सल्ला नाही. हॉस्टेलच्या त्या मुलाचंच घ्या. रँक विचारणाऱ्यांकडून चिडवणं, वगळणं चालू असेल तर तो रॅगिंगचा विषय होऊ शकतो. यूजीसीच्या २००९च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ला दुरुस्ती झाली आणि जात, धर्म, लिंग, लैंगिक कल, प्रदेश यावरून केलेला मानसिक त्रास त्यात नावानिशी आला. हे बऱ्याच प्राध्यापकांना सुद्धा माहिती नसतं. नॅशनल हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. दुसरा पर्याय कॉलेजमधला एससी-एसटी सेल. तिसरा, प्रकरण गंभीर असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली एफआयआर, त्याचा तपास डीवायएसपी दर्जाचा अधिकारी करतो. चौथा, काहीच न करणं आणि खोली बदलून घेणं. हा चौथा पण खरा पर्याय आहे, तो सांगताना चेहऱ्यावर नाराजी दिसता कामा नये. प्रत्येक पर्यायात काय मिळेल, काय जाईल, घरी कळेल का, किती महिने चालेल, हे कागदावर दोघांनी मिळून लिहा. सर्टिफिकेट, मार्कशीट, गाइडची सही कुणाच्या हातात आहे ते पण लिहा, कारण सूड तिथून निघतो.

त्याने ठरवलं की लेखी परवानगी घ्या: कुणाशी बोलू, काय सांगू, काय नाही. आणि मग तेवढंच बोला.

नोंदी लिहिताना समजा की उद्या हे वकील वाचणार आहे. ‘क्लायंट अतिसंवेदनशील आहे’ असलं वाक्य लिहिलंत तर समोरची बाजू तेच वाचून दाखवेल. लिहायचं असं: अमुक तारखेला क्लायंटने सांगितलं की मेसमध्ये असं असं बोललं गेलं, शब्द त्याचेच, त्यानंतर झोप तीन तासांवर आली. तुमचं मत वेगळ्या ओळीत. नोंदी कुलुपात. प्राचार्य ‘कोण कोण येतं ते सांगा’ म्हणाले तर आकडा सांगा, नावं नाही; गुप्ततेचा हक्क मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३मध्येच आहे. अपवाद जिवाच्या धोक्याचा, कोर्टाच्या आदेशाचा, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सोखाली कळवावंच लागतं. हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगायचे, नंतर सांगितलं तर दगा वाटतो.

मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ तर प्रिंट काढून पिशवीत ठेवा. जात, धर्म, लिंग, लैंगिक कल, वर्ग यावरून भेदभाव न करता सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक उपचारांचा हक्क त्यात आहे. सरकारी दवाखान्यात पारधी बाईला ‘उद्या या’ म्हणून तिसऱ्यांदा परत पाठवलं की तो कागद काढून शांतपणे विचारायचं, नकार लेखी देता का. बऱ्याचदा डॉक्टर लगेच मोकळे होतात. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात एससी, एसटी आणि सगळ्या बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो. ट्रान्स व्यक्तीला ओळखपत्र हवं असेल तर २०१९च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे ऑनलाइन अर्ज असतो. अशी पाचसहा कामं करून दिली की लोकांचा तुमच्यावर भरोसा बसतो आणि मग मनातलं बोलणं सुरू होतं. वस्तीत उलटा क्रम चालत नाही.

तांड्यावर, पाड्यावर

पहिले दोन महिने काउन्सेलिंगचं नावच काढू नका. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचतगट, मशिदीतले जबाबदार लोक, तांड्याचा नाईक, यांच्याशी ओळख. नाशिकच्या पेठ तालुक्यात आत्मीयता प्रकल्पाने गावातल्याच लोकांना तयार केलं होतं, ऐकून घ्यायला आणि गरज पडली तर पुढे पाठवायला. तेच मॉडेल कुठेही चालतं, कारण राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) बहुतेक आजारांत ७० टक्क्यांहून जास्त लोक उपचारापर्यंत पोचतच नाहीत, आणि तुम्ही एकटे कुठेकुठे पुरणार.

भगत, दर्ग्याचे मुजावर यांच्याशी पहिल्या दिवशी भांडण नको. गुजरातमध्ये मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ प्रकल्प आहे, दुआ पण चालू आणि डॉक्टर पण तिथेच. पण साखळदंड, मारहाण, उपाशी ठेवणं दिसलं तर मधला मार्ग नाही. २००१ला तामिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण गेले. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो वापरा.

भटक्या-विमुक्तांसोबत काम करताना इतिहास वाचून जा. १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, ३१ ऑगस्ट १९५२ला ते संपलं म्हणतात, पण अजून कुठे चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्या बेड्यावर (वस्तीवर) येतात. अशा पोराला रात्री गाडीचा आवाज ऐकून दचकायला होत असेल तर ती भीती गेली पाहिजे का, हा प्रश्न स्वतःला विचारून मगच उपचार ठरवा.

पैसे आणि तुम्ही स्वतः

खासगीत पुण्या-मुंबईत एका सेशनला हजार ते अडीच हजार घेतात. तुम्ही उतरती फी ठेवा, म्हणजे ज्यांना परवडतं त्यांच्याकडून पूर्ण, काही जागा पन्नास-शंभर रुपयांच्या, काही फुकट, आणि या जागा किती ते आधी ठरवा नाहीतर सहा महिन्यात भाडं थकेल. फुकटपेक्षा थोडे पैसे घेतलेले लोकांना बरे वाटतात, भीक वाटत नाही. ट्रेनिंगचे पैसे मात्र कंपन्यांकडून, कॉलेजांकडून पूर्ण मागा.

तुम्ही त्याच समाजातले असाल तर एक वेगळाच त्रास आहे. क्लायंट लग्नात भेटणार, त्याची मावशी तुमच्या आईची मैत्रीण निघणार. पहिल्या भेटीतच ठरवून टाका: बाहेर भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही, तू दाखवलीस तर बोलू. आणि त्याचं ऐकताना स्वतःचं कॉलेज आठवायला लागलं की ते सुपरव्हिजनमध्ये न्या, सेशनमध्ये ‘मला पण असंच झालं होतं’ म्हणून सुरू करू नका. सवर्ण घरातले असाल तर क्लायंट तुम्हाला तपासणार, आरक्षणावर काय वाटतं असं थेट विचारतील सुद्धा. गोलमोल बोलू नका, तटस्थ आहे म्हणू नका. तुमचं मत दोन वाक्यात सांगा आणि विचारा की हे ऐकून माझ्याशी बोलणं जमेल का, नाही तर दुसऱ्या काउन्सेलरचा नंबर मी स्वतः देतो. तो नंबर आधीच डायरीत लिहिलेला पाहिजे, आणि त्या माणसाला विचारून ठेवलेलं पाहिजे की नवीन क्लायंट घेतोयस ना सध्या.